गॅसचा वास, भिंतीवरची ओल आणि ठिबकणारा नळ: घरातली गळती वेळीच कशी ओळखायची?

स्वयंपाकघराच्या ओट्याखाली हातभर अंतरात दोन नळ्या असतात. एकीतून पाणी जातं, दुसरीतून गॅस. दोन्ही नीट चालू असतात तोवर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पाण्याची गळती डोळ्यांना दिसते आणि बहुतेक वेळा पैशांवर निभावते. गॅसची गळती मात्र दिसत नाही आणि जिवावर बेतू शकते. दोन्ही बिघाड सहसा अचानक होत नाहीत, आधी काही खुणा दिसतात. त्या कोणत्या, त्या दिसल्यावर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

सिलिंडरचा गॅस खाली बसतो, पाइपचा गॅस वर जातो

घरगुती सिलिंडरमध्ये एलपीजी असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचं मिश्रण. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. बाहेर पडल्यावर त्याचा वायू होतो आणि आकारमान सुमारे २५० पट वाढतं. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. त्यामुळे गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, कपाटात आणि मोरीत साचतो.

मुंबई, पुणे अशा शहरांत पाइपने येणारा गॅस म्हणजे पीएनजी. तो मुख्यतः मिथेन असतो, हवेपेक्षा हलका. गळती झाली की तो छताकडे जातो.

या फरकाचा व्यवहारात उपयोग आहे. सिलिंडर असलेल्या घरात फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं, म्हणजे जमिनीलगतचा गॅस बाहेर जातो. गळती ओळखणारं यंत्र बसवायचं असेल तर एलपीजीसाठी ते जमिनीपासून थोड्या उंचीवर आणि पीएनजीसाठी छताजवळ लावतात. सिलिंडर मोरीच्या किंवा ड्रेनेजच्या तोंडाशी ठेवू नये, कारण गळलेला गॅस तिथून नळीत उतरतो आणि भलतीकडेच निघतो.

दोन्ही वायूंना मुळात जवळजवळ वास नसतो. कुजक्या कोबीसारखा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा असतो. पेट घेण्याइतका गॅस साचण्याआधीच माणसाला कळावं, म्हणून तो मिसळतात. हवेत एलपीजीचं प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. पीएनजीसाठी हे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे. सर्दी झाली असेल तर वास कळत नाही. बराच वेळ त्याच खोलीत असल्यावर नाक सरावतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. म्हणून ‘मघाशी येत होता, आता येत नाही’ यावर विसंबू नये. बाहेरून आत आलेल्या माणसाला वास आला, तर त्याचं ऐकावं.

वास आला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावं?

१. शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती, जे काही पेटलेलं असेल ते विझवावं.

२. रेग्युलेटर बंद करावा. पीएनजी असेल तर शेगडीच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद करावा. त्याची दांडी पाइपला समांतर असेल तर तो चालू असतो, आडवी असेल तर बंद.

३. विजेचं कोणतंही बटण दाबू नये, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. दोन्ही वेळी आत बारीक ठिणगी पडते. गॅस बाहेर काढायला एक्झॉस्ट फॅन लावणं ही सर्वांत धोक्याची चूक आहे. दाराची बेलही वाजवू नये. विजेचा मेन स्विच घराबाहेर, जिन्यात असेल तरच तिथून वीज बंद करावी.

४. दारं-खिडक्या हातानं उघडून सगळ्यांनी बाहेर पडावं.

५. फोन बाहेर, मोकळ्या जागी गेल्यावरच करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२. पीएनजी कंपनीचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो आधीच फोनमध्ये साठवून ठेवावा.

रेग्युलेटर काढल्यावरही सिलिंडरच्या तोंडातून फुसफुस आवाज येत असेल, तर दोरीला बांधलेली पांढरी टोपी त्यावर घट्ट बसवावी आणि सिलिंडर उभाच मोकळ्या जागी न्यावा. ही टोपी फेकून द्यायची नसते, ती याचसाठी दिलेली असते.

गळती नेमकी कुठून होते?

बहुतेक वेळा चार जागांपैकी एक असते: सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग, रेग्युलेटर, रबरी नळी आणि शेगडीची बटणं.

रिंग झिजलेली किंवा गायब असेल तर रेग्युलेटर बसवताच वास येतो. नवा सिलिंडर घेताना डिलिव्हरी देणाऱ्यासमोरच तो तपासून घ्यावा. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२८’ असं लिहिलेलं असेल तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटून गेली असेल तर सिलिंडर परत पाठवावा.

नळी आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली केशरी ‘सुरक्षा’ नळीच असावी. ती जास्तीत जास्त पाच वर्षांनी बदलायची असते. चीर गेली, कडक झाली किंवा उंदरानं कुरतडली तर लगेच. नळीवर प्लास्टिक किंवा कापड गुंडाळू नये, कारण आतली चीर झाकली जाते. सिलिंडर कायम उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी.

गळती शोधायची पद्धत एकच: साबणाचं पाणी. सांध्यांवर ते लावायचं. बुडबुडे फुगत असतील तर तिथे गळती आहे. काडी किंवा लायटर पेटवून कधीही तपासू नये.

पीएनजीच्या पाइपवर पिशव्या टांगणं, त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालणं, घराचं नूतनीकरण करताना तो टाइल्समागे किंवा फॉल्स सीलिंगमध्ये झाकणं, हे सगळं धोक्याचं आहे. पाइपची जागा बदलायची असेल तर कंपनीचेच लोक बोलवावेत. सिलिंडरची शेगडी पीएनजीवर तशीच चालत नाही, तिचे जेट बदलावे लागतात.

ज्वाला पिवळी झाली तर?

चांगली ज्वाला निळी आणि स्थिर असते. ती पिवळी झाली, भांड्याचा तळ काळा पडू लागला, तर गॅस अर्धवट जळतो आहे असं समजावं. बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधानं किंवा वरणानं बुजली असतील, तर बर्नर गार झाल्यावर काढून ब्रशनं साफ करावा. तरीही फरक पडला नाही तर मेकॅनिक बोलवावा.

अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. याचा सर्वांत मोठा धोका न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरचा. थंडीत दार-खिडकी बंद करून आंघोळ करताना गीझर आतलाच ऑक्सिजन वापरतो आणि हवा झपाट्यानं बिघडते. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं आणि मग बेशुद्धी असा हा क्रम असतो. अनेकांना कडी काढण्याइतकाही वेळ मिळत नाही.

उपाय सोपा आहे. गॅस गीझर आणि त्याचा सिलिंडर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. ते शक्य नसेल तर आधी बादल्या भरून, गीझर बंद करून, दार काही वेळ उघडं ठेवून मग आंघोळ करावी. कुणी आत बेशुद्ध सापडलं तर गीझर बंद करून त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावं, रुग्णालयात न्यावं आणि डॉक्टरांना गॅस गीझरचं आवर्जून सांगावं. गॅस गळती ओळखणारं साधं यंत्र कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्यासाठी वेगळं यंत्र लागतं.

पाणी कुठे मुरतंय, हे कसं शोधायचं?

नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि एका थेंबात पाव मिलिलिटर पाणी धरलं, तर दिवसाला जवळपास २१ लिटर पाणी जातं. म्हणजे एक मोठी बादली. वर्षाला साडेसात हजार लिटरहून जास्त. यामागे बहुतेक वेळा काही रुपयांचा झिजलेला वायसर असतो.

लपलेली गळती शोधायला तीन घरगुती चाचण्या पुरतात. घराला पाण्याचं मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवावा आणि तासाभरानं बघावा. आकडा पुढे गेला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. मीटर नसेल तर रात्री गच्चीवरच्या टाकीची पातळी खुणेनं मोजावी आणि कुणीही पाणी वापरण्याआधी सकाळी पुन्हा मोजावी. टाकीत येणारं पाणी तेवढा वेळ बंद ठेवावं. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकावा. अर्ध्या तासानं फ्लश न करता भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर आतला व्हॉल्व्ह गळतोय.

दुरुस्तीआधी पाणी कुठून बंद होतं, हे माहीत हवं. बेसिन आणि फ्लशखाली अँगल कॉक असतो, न्हाणीघराला वेगळा कॉक असतो आणि सगळ्या घराचा मुख्य कॉक असतो. हे कॉक वर्षानुवर्षं फिरवले नाहीत तर जाम होतात आणि नेमके गरजेच्या वेळी हलत नाहीत. दर काही महिन्यांनी ते एकदा बंद-चालू करावेत.

ओल कुणाची, खर्च कुणाचा?

छतावर किंवा भिंतीवर ओल आली की आधी ती कधी वाढते ते बघावं. फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बाराही महिने असेल आणि वरच्या घरातल्या वापरानुसार कमी-जास्त होत असेल तर वरचं न्हाणीघर किंवा आतली पाइपलाइन. खात्री करायला वरच्या न्हाणीघराची मोरी बंद करून फरशीवर पाणी चोवीस तास साठवतात आणि खाली ओल वाढते का ते बघतात.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, पावसामुळे किंवा सामाईक पाइपमधून होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेचा असतो. सदनिकेतल्या संडास किंवा सिंकमधून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाचा. म्हणूनच आधी कारण नक्की करावं, मग लेखी तक्रार द्यावी. नुसता रंग मारून ओल झाकली तर आतली सळई गंजत राहते. विजेच्या बोर्डाजवळ ओल असेल तर थांबू नये, त्या भागाची वीज बंद करून वायरमनला बोलवावं.

मोरीचा वास आणि तुंबलेलं सिंक

देशभरातले प्लंबर ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द आपल्या न्हाणीचाच. या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम अडून राहतं आणि गटारातला वायू व झुरळं अडवतं. घर बरेच दिवस बंद राहिलं की हे पाणी सुकतं आणि वास येतो. अशा वेळी अ‍ॅसिड नको, तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं.

सिंक तुंबतं ते तेल-तुपानं. थंड पाइपमध्ये ते गोठतं आणि त्यावर चहाचा चोथा, भाताची शितं चिकटतात. भांडी घासण्याआधी कागदानं पुसून घेतली तर निम्मं काम होतं. तुंबलंच तर आधी रबरी पंप वापरावा, नाहीतर खालची बाटलीसारखी वाटी उघडून साफ करावी. अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र कधीही ओतू नयेत. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

नळाला गढूळ पाणी आलं तर?

जिथे पाणी ठरावीक वेळीच सोडतात, तिथे उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. त्याला चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर घाण पाणी आत ओढलं जातं. थेट नळाला मोटार लावली तर हे ओढणं आणखी वाढतं. म्हणून सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नये. गढूळपणा किंवा वास टिकून राहिला तर पाणी उकळून प्यावं आणि पालिकेकडे तक्रार करावी. फक्त सकाळचं पहिलं पाणी तांबूस येत असेल, तर ते बहुधा इमारतीतल्या जुन्या लोखंडी पाइपच्या गंजामुळे.

कुठे थांबायचं?

वायसर बदलणं, टेफलॉन टेप गुंडाळणं, बर्नर आणि ट्रॅप साफ करणं हे घरी करता येतं. गॅसचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा पाइप उघडणं, गीझरला हात घालणं, भिंतीतली पाइपलाइन फोडणं हे मात्र जाणकाराचं काम. सिलिंडरच्या जोडणीची दर पाच वर्षांनी वितरकाकडून तपासणी होते. ती टाळू नये आणि येणाऱ्याचं ओळखपत्र बघूनच त्याला आत घ्यावं.

रोजचं काम एवढंच: रात्री झोपण्याआधी आणि घर बंद करून निघताना रेग्युलेटर बंद करायचा. गावाला जाताना पाण्याचा मुख्य कॉकही. आणि हे कॉक, व्हॉल्व्ह नेमके कुठे आहेत, हे घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांनाही एकदा दाखवून ठेवायचं. गळती होईल तेव्हा घरात कोण असेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.