शिंद्यांचे कंपू : मराठी लष्करी रचना व अर्वाचीन युद्धपद्धति यांचा प्रास्ताविक विचार

जुन्या घराण्यांतील रुमाल सोडून पाहण्याचा ज्यांस सराव आहे त्यांस हें ठाऊकच असेल कीं, त्यांतून प्रथम वेगळीं काढलीं जातात तीं पत्रें. आणि त्यांतही ज्यांवर थोरांचीं नांवें आहेत अशीं. हजेऱ्या, तैनातजाबते, रोजमुऱ्याचे हिशेब, नालबंदीच्या याद्या हे कागद बहुधा तळाशीं राहतात, आणि वाळवीस किंवा रद्दीवाल्यास पहिल्यानें तेच सांपडतात. मराठ्यांच्या लष्करी रचनेचा विचार करूं लागलें असतां मात्र असें दिसून येतें कीं, या विषयाचें मर्म पत्रांत थोडें आणि हिशेबांत फार आहे. शिंद्यांच्या कवायती कंपूंच्या उदाहरणानें तें दाखविण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मराठ्यांचें राज्य कां गेलें या प्रश्नाचें एक उत्तर फार प्रचलित आहे. तें असें कीं, मराठ्यांनीं आपला गनिमी कावा सोडला, ते कवायती पायदळ व जड तोफखाना यांच्या नादीं लागले, आणि ज्या विद्येंत इंग्रज निष्णात होते तीच विद्या घेऊन त्यांच्याशीं लढावयास गेल्यामुळें बुडाले. हें उत्तर ऐकावयास गोड आहे, कारण त्यांत जुन्या पद्धतीची स्तुति आपोआप होते व कोणाही एका माणसाकडे दोष येत नाहीं. परंतु १८०३ सालच्या लढायांत काय झालें हें बारकाईनें पाहिलें म्हणजे तें टिकत नाहीं.

लष्करी रचना म्हणजे केवळ शस्त्र व कवायत नव्हे. शिपायाची गणती कोण करतो, त्यास पैका कोठून व केव्हां मिळतो, आणि वरचा सरदार पडला अथवा फितला तर त्याची जागा कोण घेतो, हे तीन प्रश्न शस्त्राच्याही आधीचे आहेत. सभासदानें शिवछत्रपतींच्या फौजेची जी व्यवस्था लिहून ठेविली आहे तींत याच प्रश्नांचीं उत्तरें आहेत. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी; पंचवीस घोड्यांमागें एक पखाली व एक नालबंद. जुमलेदारास ५०० होन व हजारीस १,००० होन तैनात, आणि त्यांच्याबरोबर हिशेब राखावयास कारकून. किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तिघे. एकट्याच्या हातीं किल्ला नाहीं. पखाली व नालबंद यांची नोंद वाचकाच्या डोळ्यांत भरत नाहीं, पण दूरच्या मजला मारणाऱ्या घोडदळाचें सामर्थ्य तरवारीइतकेंच त्या दोघांवर अवलंबून होतें.

पुढें सरंजामाची पद्धति आली आणि गणतीचें व पगाराचें काम सरकाराकडून सरदाराकडे गेलें. तैनातजाबत्यांत पथकाची संख्या एक आणि छावणींत भरणारी दुसरी, ही तक्रार त्या काळच्या कागदांत वारंवार आढळते. त्याचा विस्तार येथें नको.

कवायती पायदळ मराठ्यांस पेशवाईच्या मध्यावरच ठाऊक झालें होतें. बुसीच्या हाताखालीं तयार झालेला इब्राहिमखान गारदी १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूनें लढला. त्याच्या पलटणींनीं समोरच्या रोहिल्यांची केवढी हानि केली हें सर्वश्रुत आहे. त्याच गारदी नांवास १७७३ च्या ३० ऑगस्ट रोजीं नारायणराव पेशव्यांच्या खुनानें कायमचा काळिमा लागला. त्या दिवशीं गारदी शनिवारवाड्यांत शिरले ते तुंबलेल्या पगाराची ओरड करीत. कारस्थान कोणाचें तो वाद निराळा. परंतु पगार तुंबला नसता तर कारस्थान करणारास तें सोंग इतकें सहज मिळालें नसतें. रोख पैशावर उभें केलेलें पायदळ रोख पैशावांचून किती भयंकर होतें याचा हा पहिला मोठा धडा होय.

महादजी शिंद्यांस दुसरा धडा १७८७ सालीं लालसोटच्या मोहिमेंत मिळाला. त्यांच्या लष्करांतील जुन्या बादशाही पलटणी थकलेल्या पगाराच्या कारणावरून जयपूरकरांस जाऊन मिळाल्या. त्याच वेळीं सव्हॉयकडील डी बॉयन यानें १७८४ पासून नव्यानें उभारलेल्या दोन पलटणी मात्र जागच्या हालल्या नाहींत. हा फरक कवायतीचा नव्हता. बादशाही पलटणींसही कवायत येत होती. महादजींनीं तो ओळखला असें पुढील व्यवस्थेवरून म्हणावें लागतें. १७९० पासून दहा दहा पलटणींचे कंपू तयार झाले. त्यांत तेलंगे व नजीब अशा दोन प्रकारचे लोक होते. आग्र्यास सँग्स्टर नांवाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा ओतल्या जाऊं लागल्या. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, कंपूच्या खर्चासाठीं दुआबांतील महाल वेगळे तोडून दिले गेले. त्यास जायदाद म्हणत. तिचें ठाणें कोईल, म्हणजे अलीगड. शिपायाचा पगार दरबाराच्या मर्जीवरून काढून विशिष्ट महालांच्या वसुलावर बांधला, हें या रचनेंतील खरें नावीन्य. २० जून १७९० चें पाटण व १० सप्टेंबर १७९० चें मेडतें या विजयांचें श्रेय बंदुकीच्या जोडीनें या जायदादीसही दिलें पाहिजे. १ जून १७९३ रोजीं लाखेरीस होळकरांच्या कवायती पलटणी याच कंपूंनीं उधळल्या. मराठ्यांनीं नवी विद्या पुरती उचलली होती याचा तो दुःखद का होईना पण पुरावाच आहे.

परंतु या इमारतीच्या पायांतच एक भेग होती. इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरण्याचा प्रसंग आपणावर येऊं नये, अशी अट डी बॉयननें नोकरी पत्करतांना घातली होती. ज्या शत्रूशीं अखेरचा सामना व्हावयाचा त्याच्यापुरता सेनापति आगाऊच मोकळा, असा हा करार! सुभेदार व जमादार एतद्देशीय, पण पलटणीचा व कंपूचा अंमल परदेशी मनुष्याकडे, अशी योजना असल्यानें मधल्या दर्जावर आपला मनुष्य तयार झालाच नाहीं. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं महादजी वानवडीस वारले. डी बॉयन १७९५ च्या अखेरीस नोकरी सोडून पुढें युरोपास गेला, आणि दुआबाची जायदाद पेरॉनच्या हातीं आली. दौलतराव दक्षिणेंत अडकलेले. त्यांच्या जवळच्या फौजेच्या पगारासाठीं सर्जेराव घाटग्यानें १७९८ सालीं पुण्याच्या सावकारांची काय अवस्था केली तें पुणेकर विसरलेले नाहींत. म्हणजे एकाच दौलतींत, उत्तरेकडे पगार महालांवर बांधलेला आणि दक्षिणेकडे तो नागरिकांना छळून वसूल होणारा, अशा दोन तऱ्हा एका वेळीं चालू होत्या.

१८०३ च्या ऑगस्टांत युद्ध जुंपतांच गव्हर्नर-जनरल वेलस्ली यानें जाहीरनामा काढून शिंद्यांकडील इंग्रज अंमलदारांस चाकरी सोडण्यास बोलाविलें व त्यांच्या पोटगीची हमी घेतली. गोळी झाडण्यापूर्वीं खजिन्याची थैली सोडणें, ही देखील अर्वाचीन युद्धपद्धतीच होय, आणि ती आम्हांकडे कोणी शिकविली नव्हती. ४ सप्टेंबर रोजीं अलीगड पडलें. हल्ला करणाऱ्यांस दरवाजाची वाट दाखविणारा ल्यूकन हा नुकताच शिंद्यांची नोकरी सोडून गेलेला गृहस्थ होता. त्याच महिन्यांत पेरॉन इंग्रजांच्या आश्रयास गेला.

आतां शिपायांकडे पहावें. २३ सप्टेंबर रोजीं केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत असईस आर्थर वेलस्लीशीं गांठ पडली. इंग्रजांनीं नदी ओलांडून बगलेवर येण्याचा डाव टाकला, तेव्हां कंपूनें आपली सारी रांग फिरवून नवी आघाडी धरली. शत्रूसमोर हें करणें ज्यांस साधतें त्यांस अर्धशिक्षित कोण म्हणेल? इंग्रजांची रांग पुढें गेल्यावर तोफांखालीं पडलेल्या गोलंदाजांपैकीं कांहीं उठले आणि त्यांनीं मागून पुन्हां मारा सुरू केला. इंग्रजांकडे मृत व जखमी मिळून १,५०० हून अधिक झाले. १ नोव्हेंबर रोजीं लासवारीस तर शिंद्यांच्या पलटणींवर वरिष्ठ युरोपीय अंमलदार उरलाच नव्हता. तरी त्या हटल्या नाहींत. गोलंदाज तोफेशींच कापले गेले. यांवर फ्रेंच अंमलदार असते तर निकाल संशयाचा झाला असता, अशा आशयाचें पत्र विजयी सेनापति लेक यानेंच गव्हर्नर-जनरलास लिहिलें. आम्ही याचा अर्थ जरा निराळा करतों : फ्रेंच असण्याची गरज नव्हती, अंमलदार असण्याची होती.

सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२८ च्या ग्रंथानें मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेची चौकट आंखली. रँडॉल्फ कूपर यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत १८०३ च्या निकालाचें कारण शस्त्रांपेक्षां पैका व फितुरी यांत शोधलें. गनिमी काव्याचा आग्रह धरणारे यावर यशवंतराव होळकरांचें नांव घेतील. १८०४ सालीं त्यांनीं मॉन्सनची जी दाणादाण उडविली ती घोडदळाच्या बळावर, हें खरें. परंतु त्याच साली डीगच्या लढाईंत व किल्ल्याच्या बचावांत पायदळ व तोफाच उभ्या होत्या. शिवाय व्हिकर्स, डॉड व रायन या आपल्या इंग्रज अंमलदारांस त्यांनीं त्याच वर्षीं देहांत शासन दिलें, यावरून दुखणें त्यांस कळलें होतें असें दिसतें. औषध मात्र भलतेंच होतें.

तेव्हां लासवारीस अंमलदारांवांचून ज्यांनीं पलटणी सांभाळल्या ते सुभेदार व जमादार कोण, कोणत्या गांवचे, किती वर्षांच्या चाकरीचे, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीनें पेरॉनच्या चरित्राहून मोलाचा आहे. त्यांचीं नांवें तहनाम्यांत यावयाचीं नाहींत. तीं यावयाचीं असल्यास चेहरेपट्ट्यांत, रोजमुऱ्याच्या वांटणींत, किंवा जायबंदी झालेल्यास अथवा मयताच्या वारसास दिलेल्या रकमेच्या यादींत येतील. शिंदेशाहींत फडणिशी, पोतनिशी किंवा बक्षीगिरी केलेल्या कारकुनांच्या घराण्यांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांनीं असे मोडी कागद पहावेत. दुआबाच्या वसुलाचे कागद फारशींतही असावयाचे, म्हणून फारशी बंद वाचतां येत नाहीं एवढ्याच कारणावरून बाजूस टाकूं नयेत. सन नसलेली हजेरी निरुपयोगी समजूं नये. शेजारच्या कागदावरून सन लागतो. त्यासाठीं रुमाल सोडतांना बंदांचा मूळचा क्रम न मोडतां प्रथम त्यांवर आंकडे घालावे, आणि मगच पत्रें निवडावयास बसावें.