चौदा गाण्यांचा मार्ली

बॉब मार्ली ११ मे १९८१ रोजी मायामीत कर्करोगाने वारला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. तीन वर्षांनी, मे १९८४ मध्ये, आयलंड रेकॉर्ड्‌सने त्याच्या चौदा गाण्यांचे ‘लेजंड’ हे संकलन प्रसिद्ध केले. त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या असे सांगितले जाते. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत ते ८०० हून अधिक आठवडे राहिले आहे. जगाला ठाऊक असलेला मार्ली हा बहुतांशी या संकलनातला मार्ली आहे. म्हणून ही निवड कशी झाली, हा प्रश्न केवळ संगीतव्यवसायाचा उरत नाही. अभ्यासक्रमातल्या ‘निवडक’ संग्रहांतून कवी ओळखू लागलेल्या आपल्यासारख्यांना तर तो जवळचाच वाटावा.

ही निवड प्रामुख्याने डेव्ह रॉबिन्सनची. तो त्या वेळी आयलंडचा कारभार पाहत होता. मार्लीचे ध्वनिमुद्रण गोऱ्या श्रोत्यांच्या घरात पोहोचवायचे, तर त्याची बंडखोर प्रतिमा सौम्य केली पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. मुखपृष्ठावर त्याने विचारमग्न मार्ली ठेवला. ‘सर्व्हायव्हल’ (१९७९) हा मार्लीचा सर्वांत उघडपणे राजकीय, आफ्रिकेच्या मुक्तिलढ्यांना वाहिलेला संग्रह. त्यातले एकही गाणे ‘लेजंड’मध्ये नाही. त्यातलेच ‘झिम्बाब्वे’ हे गाणे एप्रिल १९८०मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात मार्लीने स्वतः जाऊन गायले होते. हेले सेलासीच्या १९६३च्या संयुक्त राष्ट्रांतील भाषणावर बेतलेले ‘वॉर’ हेही वगळले गेले.

‘एक्सोडस’ (१९७७) या संग्रहाचे जे झाले ते मात्र अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. ३ डिसेंबर १९७६ रोजी किंग्स्टनमधील राहत्या घरी मार्लीवर गोळीबार झाला. दोनच दिवसांनी तो जखमी अवस्थेत ‘स्माइल जमैका’च्या मंचावर उभा राहिला, आणि मग देश सोडून लंडनला गेला. ‘एक्सोडस’ तिथे आकाराला आला. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या बाजूस अपराध, पाखंड आणि निर्गमन यांची पाच गाणी. दुसऱ्या बाजूस प्रेमाची व दिलाशाची पाच. आधी संकट, मग सांत्वन. ‘लेजंड’ने दुसऱ्या बाजूची चार गाणी उचलली आणि पहिलीतले फक्त शीर्षकगीत. ‘थ्री लिटल बर्ड्‌स’मधला निश्चिंतपणा गोळीबारानंतरच्या परागंदा माणसाने जमवलेला आहे, हे संदर्भाविना ऐकणाऱ्यास कळणे कठीण. पुढे ‘वन लव्ह’ जमैकाच्या पर्यटन-जाहिरातीत वाजू लागले, यात मग नवल ते काय?

तरीही रॉबिन्सनला केवळ दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. ‘गेट अप, स्टँड अप’ संकलनात आहे. ‘नो वुमन, नो क्राय’चे १९७४चे स्टुडिओतले रूप न घेता १९७५मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात झालेल्या कार्यक्रमातले रूप घेतले आहे. त्यात श्रोत्यांचा समूहस्वर मार्लीच्या आवाजात मिसळतो, आणि माझ्या मते ती निवड उत्तमच आहे. शिवाय असंख्य लोक या दारातूनच पुढे ‘सर्व्हायव्हल’पर्यंत गेले असणार. १९९५मध्ये ‘नॅचरल मिस्टिक’ हे दुसरे संकलन निघाले, राजकीय गाण्यांना त्यात अधिक जागा मिळाली. पण ‘लेजंड’ने घडवलेली प्रतिमा त्याने हलली नाही.

‘रिडेम्प्शन साँग’ राहिले, हेही विसरू नये. त्यातली मानसिक गुलामगिरीची ओळ मार्कस गार्वीच्या १९३७मधील भाषणातून आलेली आहे. संकलनात हे गाणे अकरावे येते: आधी ‘वेटिंग इन व्हेन’, नंतर ‘सॅटिस्फाय माय सोल’, दोन प्रेमगीतांच्या मधोमध.