भिंतीआधीचा कागद

म्हशीचं ताजं कातडं लोण्यासारखं मऊ होईपर्यंत पाण्यात उकळायचं, त्याच्या कांड्या वळून वाळवायच्या, आणि लागेल तेव्हा कांडी गरम पाण्यात विरघळवून भिंतीच्या अस्तरात नि रंगात मिसळायची. हा वज्रलेप. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही कृती आहे. चित्राच्या पूर्वतयारीचं साधनही तिथेच सापडतं. काजळी भाताच्या शितांबरोबर मळून तिची कांडी करायची, ती वर्तिका. तिने आधी रंगाविना नुसता आकार काढायचा, मग गेरूची रेष, आणि त्यानंतर रंग. भिंतचित्राच्या कच्च्या रेखाटनाचं कूळ आपल्याकडे असं घरच्या वस्तूंत सापडतं: दिव्याची काजळी, शिजलेला भात, गेरू आणि म्हैस.

प्रत्यक्ष काम ग्रंथाहून पुष्कळ जुनं. अजिंठ्याच्या कारागिरांनी मातीत तूस आणि गवताचे तंतू कालवून खडक लिंपला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि त्यावर लालसर रेषांनी चित्र मांडलं. कच्चं रेखाटन तिथे भिंतीवरच होतं. रंगाखाली गेलं आणि तिथेच राहिलं. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाचं चित्र आहे. राजपुत्र रथात बसून नगर सोडतो आहे आणि मागे बाजाराची दुकानं मांडली आहेत. कथा विश्वंतराच्या दानाची. दुकानांवाचून तिचं काही अडलं नसतं. पण चित्रकाराने बाजार डोळ्यांत साठवलेला होता आणि तो त्याला भिंतीवर हवा होता. आपल्या मुलखाच्या रोजच्या जगण्याचं भिंतचित्र मला तरी तिथूनच सुरू झालेलं दिसतं.

पेशवाईतल्या वाड्यांनी, मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्याने किंवा चांदवडच्या रंगमहालाने, भिंती रंगवण्याची रीत चालू ठेवली. कागदाला मात्र मोठा मान मिळाला तो मुंबईत. जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन नकला करवून घेतल्या. त्यांतल्या कितीतरी लंडनला १८८५च्या आगीत जळाल्या, पण भिंत मोजून कागदा-कापडावर उतरवण्याचा सराव शाळेत रुजला. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत भिंतचित्रांचा वर्ग निघाला आणि नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती रंगवायला इथली पोरं गेली. १९६२मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतीसाठी चित्रकारांकडून आधी रेखाटनं मागवली. ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच भिंत त्यातून एम. एफ. हुसेन यांना मिळाली. कधीकाळी रंगाखाली दडणारं रेखाटन आता भिंत कोणाची ते ठरवू लागलं होतं.

हे सगळं घोडेगावी आणून पाहावं. नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं नेवासे तालुक्यातलं हे गाव. शिंगणापूरचा फाटा इथलाच. कांद्याची उलाढाल मोठी, आणि जनावरांचा आठवडी बाजार, त्यातही म्हशींचा, दूरवर ठाऊक असलेला. हा बाजार गावातल्या शाळेच्या भिंतीवर उतरवायचा तर चित्रकाराने पहिली बैठक दावणीपाशीच मारायला हवी. म्हशीची जात शिंगांत दिसते. मुऱ्हाची शिंगं आखूड, घट्ट वळलेली. जाफराबादीची जड, खाली लोंबणारी. पंढरपुरीची तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे गेलेली. तिन्हींना एकच शिंग चिकटवलं तर गावचं शेंबडं पोरही चूक दाखवेल.

त्याहून अवघड सौदा. जुन्या रिवाजाने तो उपरण्याखाली होतो: एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, बोटं दाबून आकडा सांगायचा, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागू द्यायचा नाही. चित्रात दाखवायचं तेच नेमकं झाकलेलं! मग चित्रकार कोपर पाहतो, उचललेला खांदा पाहतो, आकडा न पटलेल्या माणसाची दुसरीकडे वळलेली नजर टिपतो. अशी दहा-वीस कच्ची पानं झाली की त्यांतून एक मांडणी निघते.

मग हिशेब. कागदावरचा एक इंच म्हणजे भिंतीवरचा एक फूट. वीस इंच बाय आठ इंच कागदावर इंचाइंचाच्या १६० चौकटी पाडायच्या. गेरूत भिजवलेला दोरा दोन टोकांना ताणून मध्ये उचलून सोडला की भिंतीवर सरळ रेघ उमटते. तशा फूटभराच्या चौकटी आखायच्या आणि एकेक घर बघत चित्र चढवायचं. बारीक नक्षी असेल तर कागदाला सुईने भोकं पाडून त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात.

काम संपेतो तो कागद चुरगळतो, रंगाने माखतो आणि बहुतेक वेळा डबे पुसायला जातो. याचं मला फार वाईट वाटतं. उन्हापावसात बाहेरची भिंत फिकी पडते, पोपडे धरते. नवा चित्रकार आला तर तो सौद्याचा हात अंदाजाने भरतो आणि पंढरपुरीची मुऱ्हा करतो. म्हणून शाळेने भिंत रंगवून घेताना चौकटींचा कागद आणि दावणीवरची पानं मागून घ्यावीत, मागे तारीख, भिंतीची मापं आणि वापरलेल्या रंगांची नावं लिहवून घ्यावीत, आणि नकाशांच्या कपाटात सपाट ठेवावीत. घडी घातली तर घडीवर रेषा पुसते.