चूकभूल कोणी द्यावी, कोणी घ्यावी?

जुन्या पेठेतील दुकानदार बिल करून देई तेव्हा त्याच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ अशी आखूड अक्षरे असत. चूकभूल द्यावी घ्यावी. एवढ्याशा वाक्यात व्यापाराचा एक संपूर्ण कायदा साठवलेला आहे, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. बेरजेत दोन रुपये कमी लागले तर गिऱ्हाइकाने ते आणून द्यावेत, जास्त लागले तर दुकानदाराने परत करावेत. चूक कोणाचीही असो, तिचा फायदा कोणी उपटू नये आणि तिचा भुर्दंडही कोणावर बसू नये, असा तो समजुतीचा करार. दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या ओळखीचे असतात तोवर तो पाळलाही जातो. पण विकणारी सातासमुद्रापलीकडची कंपनी, घेणारा आपल्या घरात संगणकापुढे बसलेला उतारू, आणि दर सांगणारे एक यंत्र, असा प्रकार झाला म्हणजे चूकभूल द्यायची कोणी आणि घ्यायची कोणी?

आज आम्ही ज्याचा इतिहास सांगणार आहोत तो प्रश्न हाच. विमान कंपनीने चुकून हजारांचे तिकीट शंभराला विकले, पैसे घेतले, तिकिटाचा क्रमांकही पाठवला, आणि दोन दिवसांनी कळवले की दर चुकीचा होता, सबब तिकीट रद्द. अशा वेळी उतारूचा हक्क कोणता? विषय चैनीचा आहे असे कोणास वाटेल. परंतु आज आपल्या गावातील कितीतरी घरांतली मुले परदेशी आहेत, आणि नातवाच्या बारशाला निघालेल्या आजीचे तिकीटही ह्याच यंत्रातून बाहेर पडते.

ह्या प्रश्नाचा उगम मात्र विमानात नाही, आगगाडीत आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरच्या एका गृहस्थाने सॉल्ट लेक सिटीची दोन परतीची तिकिटे काढली. स्टेशनावरील तिकीटवाल्याने दर सांगितला प्रत्येकी ४९ डॉलर ५० सेंट. गृहस्थाने पैसे मोजले, प्रवास झाला, मंडळी घरी आली. मग रेल्वे कंपनीला शोध लागला की ज्या मार्गाने ते गेले त्याचा सरकारदरबारी नोंदलेला दर ७८ डॉलर ६५ सेंट होता. कंपनीने फरकाच्या ५८ डॉलर ३० सेंटांसाठी त्याच्यावर दावा लावला! चूक कंपनीच्या नोकराची, आणि पैसे मागायचे उतारूकडे. टेनेसी राज्याच्या न्यायालयांना हे पटले नाही. परंतु प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे १९१५ साली न्यायमूर्ती चार्ल्स इव्हान्स ह्यूज ह्यांनी निवाडा दिला तो कंपनीच्या बाजूने. नोंदलेला दर हाच कायद्याचा दर. तो उतारूला ठाऊक नव्हता किंवा चुकीचा सांगितला गेला, ही सबब चालणार नाही.

ऐकताना हा निवाडा निर्दय वाटतो. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण त्यामागची हकीकत कळली म्हणजे मत थोडे बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रेल्वे कंपन्या बड्या गिऱ्हाइकांना गुपचूप सूट देत. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलला तेलाच्या वाहतुकीत मिळालेल्या सवलती त्या काळी कुप्रसिद्ध होत्या. लहान व्यापारी व शेतकरी पूर्ण दर भरून मरत. म्हणून १८८७ साली आंतरराज्य व्यापाराचा कायदा झाला, १९०३ आणि १९०६ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि तत्त्व ठरले ते असे की दर जाहीर नोंदवावा आणि त्याहून एक पैही कमी वा जास्त कोणाकडून घेऊ नये. ‘चुकून कमी घेतले’ ही पळवाट एकदा मोकळी ठेवली की प्रत्येक छुपी सूट ‘चूक’ म्हणून खपवता आली असती. नॅशव्हिलच्या त्या गृहस्थाला फरक भरावा लागला तो त्याच्या अपराधाबद्दल नव्हे, दुसऱ्या कोणाच्या लबाडीची वाट बंद करण्यासाठी. हे सूत्र ध्यानात ठेवावे. एका शतकाने ते उलट्या अंगाने पुन्हा भेटणार आहे.

विमाने आली तेव्हा अमेरिकेने रेल्वेचाच कित्ता गिरवला. १९३८ च्या कायद्याने विमान कंपन्यांना आपले दर आणि तिकिटाचे नियम सरकारकडे नोंदवणे भाग पडले. ते बदलायचे तर तीस दिवसांची सूचना हवी. छापील दरपुस्तकात चूक होण्यास वाव थोडा आणि ती पसरण्यास वेळ फार. पुढे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांच्या सहीने निर्बंध उठले, १९८३ पासून देशांतर्गत दर नोंदवणे संपले, आणि १९८४ च्या अखेरीस दरांवर देखरेख करणारे मंडळही मोडीत निघाले. लोकांनी स्वस्ताईचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण त्याबरोबर एक गोष्ट मुकाट्याने घडली. तिकिटाचे नियम हे आतापर्यंत सरकारी दप्तरातले कागद होते. आता ते कंपनीने स्वतः लिहिलेल्या कराराची कलमे झाली. जो लिहितो तो आपल्या सोयीचे लिहितो.

करार म्हटला की करारातील चुकीचा कायदा आला. इंग्लंडात १९३९ साली सशांच्या कातड्यांचा एक मजेदार खटला झाला. अर्जेंटिनाच्या रानसशांची तीस हजार कातडी विकायची होती. बोलणी नगावर चालली होती, आणि लेखी देकार मात्र त्याच आकड्याने पौंडावर गेला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसतात, म्हणजे भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला. घेणाऱ्याने झटकन होकार दिला. न्यायमूर्ती म्हणाले, चूक समोर दिसत असताना ती झेलणाऱ्याला करार मागता येणार नाही. हेच तत्त्व सिंगापुरात पुढे आले. जानेवारी २००३ मध्ये ३,८५४ डॉलरचे छपाईयंत्र एका दुकानाच्या संकेतस्थळावर ६६ डॉलरला दिसू लागले, आणि सहा मित्रांनी मध्यरात्री एकमेकांना उठवून १,६०६ यंत्रे मागवली. ते न्यायालयात हरले. सोळाशे यंत्रे घरच्या वापरासाठी कोणी घेत नाही! आपल्याकडील १८७२ चा करार कायदा म्हणतो की केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली एवढ्याने करार रद्द करता येत नाही. हे कलम गिऱ्हाइकाच्या बाजूचे दिसते खरे. पण समोरच्याला ती चूक कळत होती काय, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

विमानाच्या दराबाबत हाच प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसतो. छपाईयंत्राची किंमत साधारण सर्वांना माहीत असते. विमानभाड्याची कोणाला आहे? एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी दुप्पट-तिप्पट अंतराने पैसे मोजलेले असतात, सकाळचा दर संध्याकाळी राहत नाही, आणि कंपन्या स्वतःच जाहिरातीत अचाट सवलती ओरडून सांगतात. मग स्वस्त दर दिसला तर ती चूक की कृपा, हे उतारूने कशावरून ओळखावे? चुकाही क्षुल्लक कारणांनी होतात. कोठे दोन शून्ये गळतात, कोठे इंधनाचा अधिभार लावायचा राहतो, कोठे एका चलनाचे दुसऱ्यात रूपांतर फसते. २००६ साली अलितालियाने टोरांटोहून सायप्रसचा बिझनेस वर्गाचा ३,९०० डॉलरचा दर ३९ म्हणून भरला. कंपनीने ती तिकिटे पाळली. २००९ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश एअरवेजने अमेरिकेहून भारताचा दर कर वगळून ४० डॉलर दाखवला. ती तिकिटे मात्र रद्द झाली. पैसे परत मिळाले आणि पुढच्या भारत प्रवासात ३०० डॉलरची सूट देऊ करण्यात आली. ह्यांत ज्यांनी रजा मंजूर करून घेतली, घरी कळवले, पुढची तिकिटे काढली, त्यांची नुकसानी कोणत्या खात्यात मांडायची?

ह्याचे उत्तर अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०११ साली नियमाने दिले. तो पुढल्या वर्षी पूर्णपणे अमलात आला. उतारूने पूर्ण पैसे भरले की त्यानंतर भाडे वाढवणे ही अनुचित व फसवी प्रथा ठरेल. अपवाद फक्त सरकारी कराचा. नियमात ‘चूक’ हा शब्दही नव्हता. पण खात्याने स्पष्ट केले की तिकीट रद्द करून त्याच प्रवासासाठी जास्त मागणे हीसुद्धा भाडेवाढच आहे. १९१५ चा तराजू आता पूर्ण उलटला: तेव्हा कंपनीच्या चुकीचा भार उतारूवर, आता तो सगळा कंपनीवर. लागलीच प्रत्यय आला. ऑगस्ट २०१२ मध्ये इस्रायलच्या एल आल कंपनीची न्यूयॉर्क ते तेल अवीव तिकिटे निम्म्याहूनही कमी दराने गेली. कंपनीने ती पाळली. सप्टेंबर २०१३ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या काही तिकिटांचे भाडे चक्क शून्य लागले, उतारूंनी भरले ते सुरक्षा शुल्काचे पाच-दहा डॉलर. तीही पाळली गेली.

येथपर्यंत सारे उतारूच्या मनासारखे झाले. मग ११ फेब्रुवारी २०१५ उजाडला. युनायटेडच्या डेन्मार्कसाठीच्या संकेतस्थळावर, दुसऱ्या एका कंपनीने पुरवलेल्या यंत्रणेत चलनाचे रूपांतर बिघडले आणि लंडनहून न्यूयॉर्ककडचा पहिला वर्ग सुमारे ४९१ क्रोनर, म्हणजे पाऊणशे डॉलरच्या आसपास दिसू लागला. बातमी वाऱ्यासारखी पसरली. कित्येक हजार तिकिटे गेली. पण तो दर मिळायचा तर पैसे भरताना आपला पत्ता डेन्मार्कचा आहे असे सांगावे लागे, आणि ज्यांनी डेन्मार्क नकाशातही कधी पाहिला नसेल अशांनी ते सांगितले. कंपनीने सर्व तिकिटे रद्द केली. हे दर अमेरिकन ग्राहकांसाठी नव्हतेच आणि घेणाऱ्यांनी पत्ता खोटा दिला, असे म्हणून वाहतूक खात्याने कंपनीवर कारवाई करण्याचे नाकारले.

आम्हाला ह्या डॅनिश झालेल्या मंडळींचा कळवळा नाही. खोटा पत्ता तो खोटाच. पण त्यांच्या चलाखीची किंमत पुढे सर्वांनी मोजली, ती गोष्ट आम्हाला अधिक बोचते. ८ मे २०१५ रोजी खात्याच्या अंमलबजावणी कचेरीने पत्रक काढले. नियमाचा मजकूर तोच राहिला, पण चुकीच्या दरांबाबत तो बजावला जाणार नाही. मात्र कंपनीने दोन गोष्टी केल्या पाहिजेत. एक, दर खरोखरच चुकीचा होता हे सिद्ध करणे. दुसरी, तिकिटाच्या भरवशावर उतारूने केलेला वाजवी, प्रत्यक्ष आणि पडताळता येणारा खर्च, तिकिटाच्या पैशांखेरीज, भरून देणे. परत न मिळणारे हॉटेलचे पैसे, सहलीचे पैसे, पुढच्या विमानाच्या तिकिटाचा दंड, व्हिसाचे शुल्क, हे सारे त्यात आले. लबाडांची वाट बंद करताना साध्या माणसाच्या खिशाला हात लागला. नॅशव्हिलची तीच गोष्ट.

तडजोड म्हणून ही वाईट नाही. ‘द्यावी घ्यावी’ च्या ती बरीच जवळ येते: बैठक परत घ्या, पण झळ भरून द्या. आमची तक्रार आहे ती पावत्यांविषयी. खर्च सिद्ध करायचा तो उतारूने, पत्रव्यवहार करायचा तो उतारूने, आणि कंपनी हो म्हणेपर्यंत थांबायचे तेही त्यानेच. रजा बुडाली, बारसे हुकले, ह्यांची पावती कोणी देत नाही. म्हणून आमच्या परिचयातील मंडळींना आम्ही सांगतो की फारच स्वस्त तिकीट मिळाले तर आठ-पंधरा दिवस हॉटेलचे पैसे भरू नका, आणि भरलेच तर कागद जपून ठेवा.

आता उलट बाजू पाहा. चूक उतारूची असेल तर? तारीख चुकली, आडनावात अक्षर चुकले, घाईत परतीचे तिकीट उलटे निघाले, तर कंपनी आपल्या कलमांकडे बोट दाखवून बदलाचे शुल्क घेई आणि कित्येक तिकिटांत सारेच पैसे बुडत. ‘यंत्राने चूक केली’ असे म्हणण्याची मुभा त्याला कोठली? २०११ च्या त्याच अमेरिकन नियमांनी ह्यावर थोडा उतारा दिला: प्रवासाला सात दिवस वा अधिक अवकाश असेल तर, कंपनीने आधी फुकट जागा राखून ठेवण्याची सोय दिली नसल्यास, चोवीस तासांत दंडाशिवाय तिकीट रद्द करता यावे. भारतातही नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने काही अटींवर चोवीस तासांची अशी सवलत दिली. म्हणजे उतारूला आपली चूक ओळखण्यास एक दिवस; कंपनीला आपली ओळखण्यास किती, हे २०१५ च्या पत्रकाने काही ठरवून दिले नाही.

कायदा सैल झाल्यावर कंपन्या कशा वागल्या, हेही सांगितले पाहिजे. २०१९ च्या पहिल्याच दिवशी हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकची व्हिएतनामहून न्यूयॉर्कची परतीची तिकिटे, बिझनेस वर्गाची सुमारे ६७५ डॉलरला आणि पहिल्या वर्गाची ८५० डॉलरच्या आत गेली. ह्या प्रवासाला एरवी हजारो डॉलर पडतात. कंपनीने चूक कबूल केली, वचन दिले ते पाळणार असे जाहीर सांगितले आणि उतारूंना विमानात बसवले. ऑगस्ट २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने निराळी वाट काढली. तिच्या यंत्रणेतील चुकीमुळे अमेरिकेला जाणाऱ्या पहिल्या वर्गाची तिकिटे सुमारे ८५ टक्के सुटीने विकली गेली होती, आणि घेणारे होते अंदाजे तीनशे. उघड दिसणाऱ्या चुकीचे तिकीट रद्द करण्याची मुभा कंपनीच्या अटींत होती. ती तिने अर्धीच वापरली. पैसे परत घ्या, नाहीतर त्याच पैशात बिझनेस वर्गाने जा, असा तिने पर्याय ठेवला. पहिला वर्ग गेला. पण ज्याने जायचे ठरवले त्याला त्याच भाड्यात मधल्या वर्गात बसून अमेरिका गाठता येत होती.