धर्मशाळेतील सोबत

छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) आमखास मैदानालगत २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू होण्यापूर्वी, मराठवाड्यातील ज्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगावर शेक, म्हणजे किरणोपचार, घेण्याकरिता, १९४१ साली स्थापन झालेले मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागे, त्यांतील काहींचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पडे. आठवड्याचे पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे चालणाऱ्या त्या उपचारात यंत्राखालचा अवधी मिनिटांचा; खरा प्रश्न उरलेल्या प्रहरांचा. काखेतील त्वचा काळवंडते, उग्र साबण वर्ज्य, सैल सुती चोळी बरी, हे व्यवहारज्ञान आधी आलेली बाई नवखीला देई. न्यूयॉर्कमध्ये स्वतः स्तनाच्या कर्करोगाला सामोऱ्या गेलेल्या टेरेस लॅसर यांनी १९५२ साली अशाच भेटीगाठींना संघटित रूप दिले. आमच्या सरकारी दफ्तरांना मात्र असल्या कुजबुजीची नोंद घेण्याचे प्रयोजन वाटले नसावे. आता अनेकींचा शेक तीनच आठवड्यांत, आणि तोही छत्रपती संभाजीनगरातच आटोपतो. ओळखी जुळण्यास अवकाश तेवढाच कमी.