जेवणघरांतील मोठा आरसा



आरसा म्हटला कीं रूप, शृंगार आणि थोडासा गर्व या गोष्टी आपल्या मनांत उभ्या राहतात. पण युरोपांतील श्रीमंतांच्या घरांतून सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें पुरुषभर उंचीचे आरसे ज्या खोल्यांत टांगले गेले, त्यांत दिवाणखान्याच्या जोडीला जेवणघरहि होतें. ही गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. घास चावतांना आपलें तोंड कसें दिसतें हें पाहून कोणाचीहि भूक वाढत नाहीं, आणि समोरच्या पाहुण्याच्या मिशीला लागलेलें कालवण आरशांत दुसऱ्यांदा पाहण्याची हौसहि कोणास नसते. मग एवढी जड, एवढी महाग आणि एवढी नाजूक वस्तु नेमकी जेवणाच्या टेबलासमोर कां टांगली गेली? आजच्या भाषणांत या एका प्रश्नाचा मागोवा घेण्याचा माझा विचार आहे.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवलाच नाहीं, कारण आपली पंगत जमिनीवर. पाट मांडले, पानें वाढलीं, रांगोळी घातली, समई लावली, कीं जेवणघराची शोभा पुरी झाली. मांडी घालून बसलेल्या माणसाला भिंतीवरच्या आरशाचा उपयोग काय? आरशांची हौस आपल्या राजेरजवाड्यांना होती, पण ती वेगळ्या ठिकाणीं. पुण्याच्या शनिवारवाड्यांत आरसे महाल होता. १८२८ सालच्या आगींत बाकीच्या वाड्याबरोबर तोहि गेला. त्यापूर्वीं कितीतरी वर्षें, १६३१-३२ च्या सुमारास, शहाजहानच्या अमदानींत लाहोरच्या किल्ल्यांत शीशमहाल सजला होता. परंतु शीशमहालांतील कांच म्हणजे बारीक तुकड्यांची नक्षी. एका ज्योतीच्या तेथें हजार ज्योती होतात, पण अखंड तोंड एकाहि तुकड्यांत दिसत नाहीं. मोठा, सपाट, बिलोरी आरसा हा निराळा प्रकार, आणि त्याचा जन्म पाहावयाचा तर आपणांस व्हेनिसला गेलें पाहिजे.

व्हेनिसजवळ मुरानो नांवाचें बेट आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत उत्तम आरशांचा जवळजवळ मक्ताच या बेटाकडे होता. तेथील कारागीर फुंकनळीनें कांचेचा लांबट फुगा करीत, तो उभा चिरून तापवून सपाट करीत, आणि मग दोन्ही बाजूंनीं घासून त्याला जिल्हई देत. फुंकणाऱ्याच्या छातींत जितका दम, तितकीच कांच मोठी. त्यामुळें फार मोठा आरसा या रीतीनें होतच नसे. फ्रान्सचा पैसा या आरशांपायीं व्हेनिसला जातो हें चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला खपेना. त्यानें १६६५ सालीं राजाश्रयाखालीं आरशांचा कारखाना काढला आणि मुरानोचे कारागीर फोडून पॅरिसला आणले. व्हेनिसच्या सरकारनें त्यांना धाकदपटशा दिला, लालूच दाखविली. १६६७ सालीं त्यांपैकीं दोघे थोड्या दिवसांच्या अंतरानें मरण पावले, तेव्हां विषप्रयोगाची कुजबूज सुरू झाली. एका कांचेच्या विद्येसाठीं दोन राज्यें अशीं हमरीतुमरीवर आलीं होतीं.

पुढें १६७८ ते १६८४ या काळांत व्हर्सायच्या राजवाड्यांत तें प्रसिद्ध आरशांचें दालन उभें राहिलें. बागेकडील सतरा खिडक्यांसमोर सतरा कमानी, आणि त्या कमानींत एकंदर ३५७ आरसे. सतरानें भागलें तर प्रत्येक कमानीस २१ येतात. मास्तरकीची संवय, म्हणून भागाकार करून दाखविला; पण त्यांतलें मर्म असें कीं, युरोपांतील सर्वांत वैभवशाली राजालाहि कमानभर मापाची एक अखंड कांच मिळाली नाहीं, तुकड्याला तुकडा जोडावा लागला. ही अडचण लवकरच सुटली. फुंकण्याऐवजीं वितळलेल्या कांचेचा रस धातूच्या सपाट मेजावर ओतून त्यावर जड रूळ फिरवावयाचा, ही युक्ति त्याच शतकाच्या शेवटच्या वर्षांत फ्रान्समध्यें साधली, आणि सँ-गोबँ येथील कारखान्यांत तिचा विस्तार झाला. आतां माणसाहून उंच आरसा होऊं लागला.

त्या काळच्या आरशांच्या वेडाची एक गोष्ट सँ-सिमाँ या दरबारी गृहस्थानें आपल्या आठवणींत नमूद केली आहे. फिएस्क नांवाच्या एका सरदारपत्नीनें फार सुंदर आरसा विकत घेतला. एवढा पैसा कोठून आणला, असें कोणीं विचारलें. तिच्या उत्तराचा आशय असा कीं, जिच्यांत गहूं तेवढे पिकत अशी एक जमीन तिच्यापाशीं होती, ती तिनें विकून टाकली. सौदा उत्तम झाला असेंच बाईंना वाटत होतें. गोष्ट ऐकून दरबार हंसला असेल. पण याच पिढींत, १६९३-९४ सालीं, फ्रान्समध्यें भयंकर दुष्काळ पडला होता, हें ध्यानीं घेतलें म्हणजे निदान शेतकऱ्याच्या देशांत वाढलेल्या माणसाला तरी हंसूं येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. जेवणघरांत आरसा आला तो उजेडासाठीं. त्या काळीं गॅस नव्हता, वीज नव्हती. चरबीच्या बत्तीला घाण येई व तिची वात वरचेवर कातरावी लागे. मधमाशांच्या मेणाची बत्ती स्वच्छ जळे, पण ती महाग. आणि नेमकी याच काळांत थोरामोठ्यांच्या जेवणाची वेळ लांबत चालली. इ. स. १७०० च्या सुमारास लंडनचे प्रतिष्ठित लोक दिवसाचें मुख्य जेवण दुपारीं दोनतीनला घेत. शतक संपतां संपतां तें सायंकाळीं पांचसहाच्या पलीकडे गेलें. तेथें हिवाळ्यांत चारलाच अंधार पडतो. म्हणजे जें जेवण उन्हांत होत असे, तें दिव्यांत होऊं लागलें. अशा वेळीं दहा बत्त्यांमागें एक स्वच्छ आरसा असला कीं वीस बत्त्या दिसूं लागतात, आणि खर्च दहांचाच. शाळेंत असतां मी मुलांना हा प्रयोग करून दाखवीत असें. वर्ग अंधारा करून मेणबत्तीच्या मागें आरसा धरला कीं बांकावरच्या मुलाला पुस्तकांतील ओळ वाचतां येई. आरसा काढून घेतला कीं ती दिसेनाशी होई. परावर्तनाचे नियम मुलें विसरलीं असतील, पण ती ओळ विसरलीं नसतील.

यांतूनच आरसा टांगण्याचें एक शास्त्र तयार झालें. दोन खिडक्यांमधील भिंतीचा पट्टा हा दिवसां खोलींतील सर्वांत काळवंडलेला भाग. प्रकाश त्याच्या दोन्ही अंगांनीं आंत येतो, त्याच्यावर मात्र पडत नाहीं. तेथें उंच व अरुंद आरसा लावीत, त्याच्याखालीं भिंतीला टेकून मेज, आणि मेजावर शमादान. रात्रीं खिडक्यांचे पडदे ओढले कीं दिवसां काळवंडणारा तोच पट्टा उजळून निघे. दुसरा आरसा शेकोटीच्या चौकटीवर. बसून जेवणाऱ्याचे डोळे उभ्या माणसाच्या डोळ्यांहून हातभर खालीं असतात. आरसा उंचावर सरळ लावला तर त्याला त्यांत छतच दिसावयाचें. म्हणून वरची कड दोरीनें किंचित् पुढें झुकवून टांगीत, कीं टेबलावरचीं तबकें, फळें आणि दिवे हीं सगळीं त्यांत यावींत. वजनाचाहि विचार करावा लागे. सहा मिलिमीटर जाडीची कांच दर चौरस मीटरला सुमारें १५ किलो भरते. तेव्हां दोन मीटर उंच व एक मीटर रुंद आरशाची नुसती कांचच ३० किलोंची झाली, सोनेरी नक्षीची चौकट वेगळी. असें ओझें गिलाव्यांतल्या खिळ्यावर राहत नाहीं; खिळा विटांच्या सांध्यांत खोल गेला पाहिजे. आपल्या घरीं कोणीं मोठा आरसा टांगणार असेल तर एवढें तरी त्यानें या भाषणांतून घ्यावें.

इंग्लंडांत जेवणघराला विशेष महत्त्व आलें त्याचें कारण रॉबर्ट ॲडम या नामांकित वास्तुकारानें १७७३ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या ग्रंथांत दिलें आहे. त्याचें म्हणणें असें कीं, इंग्रज पुरुष जेवण झाल्यावरहि मद्य आणि राजकारण यांत तासच्या तास तेथेंच घालवितात. फ्रेंचांचें तसें नाहीं. त्यानें असेंहि सुचविलें कीं, जेवणघराच्या भिंतींवर रेशमी किंवा लोकरी कापड लावूं नये, कारण अन्नाचा वास त्यांत मुरून राहतो. कांचेंत वास मुरत नाहीं, हा आरशाचा आणखी एक गुण म्हणावा लागेल. जेवणें अर्ध्या तासांत आटोपत असतीं तर बत्त्यांची आणि आरशांची एवढी काळजी कोणीं केली नसती.

परंतु या उजेडाची दुसरी बाजू आहे, आणि माझ्या मतें या साऱ्या विषयांत जाणून घेण्यासारखी मुख्य गोष्ट तीच. नुसती कांच म्हणजे आरसा नव्हे. तिच्या पाठीवर चकाकी चढवावी लागते. जुनी रीत अशी: दगडाच्या अगदीं सपाट मेजावर कथलाचा पातळ वर्ख अंथरावयाचा, तो पाऱ्यानें चोळून वर पाऱ्याचें तळें करावयाचें, आणि त्यावर कांच एका कडेनें अलगद सरकवीत न्यावयाची. मग वर जड वजनें ठेवून मेज हळूहळू कलतें करीत, म्हणजे जास्तीचा पारा निथळून जाई. हें निथळणें दिवसेंदिवस चाले. अशा आरशाची पाठ पुरती कोरडी कधींच होत नसे. भिंतीवर वर्षानुवर्षें टांगलेल्या आरशाच्या खालच्या कडेलाहि पाऱ्याचे बारीक थेंब जमत. आणि पारा हा असा पदार्थ आहे कीं उघडा राहिला कीं साध्या उष्णतेनेंहि त्याची वाफ होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं.

कारखान्यांतील माणसें ती वाफ दिवसभर छातींत घेत. बेर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत मुरानोच्या आरसेवाल्यांचा उल्लेख आहे. हे लोक दम्यानें व कंपवायूनें ग्रासलेले असत, आणि आपण केलेल्या आरशांत आपलीच दशा पाहून धंद्याला शिव्या देत, असें त्याचें निरीक्षण आहे. त्यानंतर दीडशें वर्षांनीं जर्मनींत न्यूरेंबर्गजवळच्या फ्यूर्थ गांवीं आणि एर्लांगेन येथें हाच धंदा भरभराटीस आला होता. तेथील कामकऱ्यांची तपासणी करून आडोल्फ कुसमाउल या वैद्यानें १८६१ सालीं पाऱ्याच्या विषबाधेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिरड्या सुजतात, दांत ढिले होऊन पडतात, स्वभाव भित्रा आणि चिडखोर होतो, झोंप जाते. आणि हाताला कंप सुटतो. या कंपाचा विशेष असा कीं हात स्वस्थ असतां तो कमी असतो. हात एखाद्या कामासाठीं उचलला कीं तो वाढतो. चमचा ताटापासून तोंडाकडे निघाला कीं हात अधिकाधिक हिंदळूं लागतो, आणि त्यांतलें कालवण वाटेंतच सांडतें. ज्याच्या आरशानें परक्या घरचें जेवण उजळत होतें, त्याला आपल्या घरीं आपला घास धड तोंडापर्यंत नेतां येत नव्हता. त्या मेजवान्यांचीं वर्णनें पुष्कळ छापलीं गेलीं आहेत. पाहुण्यांचीं नांवें, पक्वान्नांच्या याद्या, चौकटींवरील सोन्याचा वर्ख, सगळें त्यांत सांपडतें. आरशाची पाठ करणाऱ्याचें नांव मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं. तो भेटतो तो वैद्यांच्या ग्रंथांत, रोगी म्हणून.

या धंद्याला उतार पडला तो दयेपेक्षां रसायनशास्त्रामुळें. यूस्टस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञानें १८३५ सालीं दाखवून दिलें कीं, चांदीच्या क्षाराच्या द्रावणांतून चांदी वेगळी होऊन कांचेवर आरशासारखी बसते. ही रीत कारखान्यांत रुळावयास कांहीं दशकें लागलीं. पाऱ्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांत बसलेली होती आणि मालकांना ती सोडण्याची घाई नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र पारा मागें पडला, चांदी पुढें आली, आणि मोठा आरसा स्वस्त झाला.

स्वस्त झाल्यावर तो साध्या माणसाच्या जेवणापाशीं येऊन पोंचला. त्याची वाट पॅरिसनें आधींच घालून ठेविली होती. तेथें १६८६ सालीं निघालेल्या प्रोकोप या कॉफीगृहांत भिंतींवर आरसे आणि खालीं संगमरवरी मेजें होतीं, आणि पुढें उपाहारगृहांची ती रूढीच होऊन बसली. आपल्या मुंबई-पुण्याच्या इराण्यांच्या हॉटेलांत हाच थाट दिसला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं इराणांतून आलेल्या लोकांनीं हीं हॉटेलें काढलीं. मुंबईचें कयानी १९०४ सालचें, पुण्याचें गुडलक १९३५ सालचें. संगमरवरी मेज, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या आणि भिंतीवर भलेमोठे आरसे. आज अशीं हॉटेलें थोडींच उरलीं आहेत. गिरणींतला कामगार, कारकून, परीक्षेला आलेला विद्यार्थी, जो कोणी चहाचे पैसे देई त्याला व्हर्सायच्या राजाहून मोठ्या अखंड कांचेसमोर बसावयास मिळे.

विजेचा दिवा आल्यावर येथें उजेड वाढविण्याचें काम आरशाला फारसें उरलें नव्हतें. अरुंद जागा ऐसपैस दिसे, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवितां कळे कीं कोण पैसे न देतां उठला. मालकाचें गिऱ्हाइकांशीं भांडण होई तें वेगळ्याच कारणावरून. आरशापुढें केस विंचरूं नयेत अशी सूचना पुष्कळ ठिकाणीं लावलेली असे. आणि ती पाटी असे आरशाच्या अगदीं जवळ. म्हणजे ती वाचण्यासाठीं जो जो पुढें जाई, तो तो आरशासमोर येऊन उभा राही, आणि त्याचा हात नकळत खिशांतल्या फणीकडे जाई.