तापणारा लॅपटॉप : कारणे, उपाय आणि धोक्याच्या खुणा

बंगळुरूच्या दक्षिणेकडील इलेक्ट्रॉनिक सिटी ही देशातील माहिती तंत्रज्ञान उद्योगाची एक महत्त्वाची वसाहत आहे. पुणे, कोल्हापूर, नागपूर, बेळगाव अशा अनेक गावांतील मराठी अभियंते येथे नोकरीनिमित्त येतात आणि सुटीत किंवा घरून काम करण्याच्या काळात कंपनीचा लॅपटॉप घेऊन गावी जातात. कचेरीत सुरळीत चालणारा हाच लॅपटॉप घरी गेल्यावर तापू लागतो, पंखा सतत घोंघावतो, काम मंदावते आणि कधीकधी यंत्र आपोआप बंद पडते. यांपैकी बहुतेक तक्रारी साध्या उपायांनी दूर होतात. मात्र तापण्याचा एक प्रकार जिवावर बेतू शकतो. या दोन्हींतील फरक ओळखणे प्रत्येक वापरकर्त्याला आवश्यक आहे.

उष्णता निर्माण कशी होते?

लॅपटॉप जेवढी वीज वापरतो, तिचे जवळपास सर्व रूपांतर अखेरीस उष्णतेत होते. कमी जाडीच्या लॅपटॉपमधील प्रोसेसर साधारणपणे १५ ते २८ वॉट वीज वापरतो. खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या संपादनासाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मिळून हा आकडा १०० वॉटच्या वर जातो. दुरुस्तीच्या दुकानातील साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते आणि तेवढ्या विजेवर ते कथील वितळवते, हे लक्षात घेतले म्हणजे नखाएवढ्या चिपमधून उष्णता सतत बाहेर काढणे का आवश्यक असते, ते कळते.

हे काम टप्प्याटप्प्याने होते. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. त्यातून उष्णता तांब्याच्या पट्टीत आणि पुढे हीट पाइपमध्ये जाते. ही तांब्याची चपटी बंद नळी असते. तिच्यात अत्यल्प द्रव कमी दाबाखाली भरलेला असतो. चिपजवळ या द्रवाची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि द्रव पुन्हा मागे झिरपतो. दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पट्ट्यांची जुडी असते. लहानसा पंखा खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि या पट्ट्यांमधून बाजूने किंवा मागून बाहेर सोडतो. या साखळीतील एक जरी दुवा अडला, तरी लॅपटॉप तापतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये पंखा नसतो. त्यांची उष्णता धातूच्या कवचातूनच बाहेर पडते. त्यामुळे त्यांचे कवच गरम लागणे स्वाभाविक असते.

कचेरी आणि घर यांतील फरक

कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजेच केऑनिक्सने, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरु या गावांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी सुरू केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांची ही कल्पना होती. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला आलेली इन्फोसिस ही येथील सर्वांत परिचित कंपन्यांपैकी एक होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीमुळे बंगळुरूची हवा एरवी सौम्य असते. त्यातच कचेऱ्या वातानुकूलित असतात. तेथील २४ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात, सपाट टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपला थंड होण्यास अडचण येत नाही.

पंखा लॅपटॉपमध्ये खोलीतीलच हवा खेळवतो. त्यामुळे खोलीचे तापमान जेवढे वाढते, जवळपास तेवढेच चिपचेही वाढते. २५ अंशांच्या कचेरीत ७५ अंशांवर काम करणारी चिप ४० अंशांच्या खोलीत तेच काम करताना ९० अंशांच्या आसपास पोहोचते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अनेक उत्पादक मात्र लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्याची शिफारस करतात. बंगळुरूही आता या चिंतेपासून मुक्त राहिलेले नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी तेथे ३९.२ अंश तापमानाची नोंद झाली, तर एप्रिल २०२४ च्या अखेरीस पारा ३८.५ अंशांवर गेला होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर अभियंते लॅपटॉपसह गावोगावी परतले, तेव्हा हा फरक अनेकांच्या अनुभवास आला. टेबलाऐवजी गादी, वातानुकूलनाऐवजी पत्र्याखालची खोली आणि दिवसभर चालणाऱ्या दृक्‌श्राव्य बैठका असे तिहेरी ओझे यंत्रावर पडले.

बॅगेत तापणारा लॅपटॉप

इलेक्ट्रॉनिक सिटीतून शहरात परतताना सिल्क बोर्ड चौकातील कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. जानेवारी २०१० मध्ये सुमारे १० किलोमीटरचा उन्नत मार्ग आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यानंतरही अनेकांचा बराच वेळ प्रवासात जातो. या वेळात लॅपटॉप बहुधा केवळ झाकण मिटलेल्या स्थितीत बॅगेत असतो. नव्या लॅपटॉपमधील ‘स्लीप’ अवस्था ही पूर्ण विश्रांती नसते. यंत्र अधूनमधून जागे होऊन निरोप आणि अद्ययावत प्रणाली उतरवून घेऊ शकते. बंद बॅगेत हवा खेळत नसल्याने त्या वेळी उष्णता साठत जाते आणि बॅटरीही संपते. लांबच्या प्रवासापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करणे किंवा ‘हायबरनेट’ करणे हाच यावर उपाय आहे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर तो मुळीच ठेवू नये.

प्रथम काय करावे?

उपायांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. पहिली पायरी बैठकीची. लॅपटॉप गादी, उशी, सोफा किंवा मांडीवर ठेवल्यास खालची जाळी झाकली जाते. तो कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. मागील बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलली तरी हवेला वाट मिळते. त्यासाठी स्टँड वापरावा किंवा मागील दोन्ही कोपऱ्यांखाली सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे ठेवावेत, मात्र जाळी झाकली जाणार नाही हे पाहावे. पंखे असलेले कूलिंग पॅड काही प्रमाणात उपयोगी पडते, परंतु आतील पट्ट्या धुळीने भरल्या असल्यास त्याचा फारसा लाभ होत नाही.

दुसरी पायरी कामाच्या भाराची. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. मॅकमध्ये हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरचा सर्वाधिक वापर करीत आहे, हे तेथे दिसते. ब्राउझरमधील डझनावारी उघडी पाने, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम आणि विषाणूंचा शोध घेणारी तपासणी ही नेहमीची कारणे असतात. काहीही काम चालू नसताना प्रोसेसर सतत व्यग्र दिसत असेल, तर घातक प्रोग्रॅम शिरल्याची शक्यताही तपासावी. वीजवापराच्या पर्यायांत कार्यक्षमतेऐवजी बचतीचा पर्याय निवडल्यास वेग किंचित घटतो, पण उष्णता बरीच कमी होते.

तिसरी पायरी धुळीची. वर्षभरात जाळीच्या आतील पट्ट्यांवर धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू यांचा जाड थर बसतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून आणि चार्जर काढून, रबरी फुग्याच्या ब्लोअरने किंवा दाबाच्या हवेच्या डब्याने थोड्या थोड्या झोतांत ही धूळ काढता येते. या वेळी पंखा भरधाव फिरणार नाही, याची काळजी घ्यावी, अन्यथा त्याच्या बेअरिंगला इजा होऊ शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आणि ओला कपडा वापरू नये.

कंपनीने दिलेला लॅपटॉप मात्र स्वतः उघडू नये. त्यात परवानगीविना प्रोग्रॅमही बसवू नयेत. कंपनीच्या सुरक्षा प्रणालीमुळेच प्रोसेसरवर भार येत असल्यास तो तंत्रसाहाय्य विभागाला कमी करता येतो. त्यामुळे तक्रार लेखी नोंदवणे हा योग्य मार्ग होय.

किती तापमान योग्य?

स्वतःच्या लॅपटॉपचे तापमान पाहण्यासाठी मोफत मिळणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. विश्रांतीच्या स्थितीत ४० ते ५५ आणि नेहमीच्या कामात ६० ते ८० अंश हे तापमान सर्वसाधारण समजले जाते. जड कामात काही काळ ९० अंशांच्या पुढे जाणे अनेक लॅपटॉपमध्ये अपेक्षित असते. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. ती जवळ येताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिल्यास यंत्र बंद होते. ही बिघाडाची नव्हे, तर संरक्षणाची क्रिया आहे. तथापि साध्या कामातच वेग वारंवार घटत असेल, तर दुरुस्ती आवश्यक आहे असे समजावे.

चार-पाच वर्षांनंतर थर्मल पेस्ट सुकते. ती बदलणे आणि पंखा स्वच्छ करणे हे काम अनुभवी तंत्रज्ञ थोड्या वेळात करतो. बंगळुरूतील एस. पी. रोड, मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली या बाजारपेठांत अशी दुरुस्ती आणि सुटे भाग मिळतात. हमीची मुदत शिल्लक असल्यास प्रथम अधिकृत सेवाकेंद्राकडेच जावे.

शरीरावर होणारा परिणाम

लॅपटॉप मांडीवर ठेवण्याची सवय त्वचेलाही अपायकारक ठरू शकते. भाजण्याइतकी नसलेली उष्णता त्याच जागी दीर्घकाळ लागत राहिल्यास त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील डॉक्टरांनी २०१० मध्ये १२ वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर लॅपटॉपमुळे पडलेल्या अशा डागांची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये २९ पुरुषांची पाहणी केली होती. तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवून बसल्यावर त्यांच्या वृषणकोशाचे तापमान २.६ ते २.८ अंशांनी वाढल्याचे आढळले. अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या पुरुषांनी ही सवय टाळणे हिताचे आहे.

बॅटरी तापणे : वेगळा आणि गंभीर धोका

प्रोसेसरला स्वतःचा वेग कमी करून बचाव करता येतो. लिथियम-आयन बॅटरीच्या आत बिघाड झाल्यास मात्र असा बचाव होऊ शकत नाही. एका घटात अंतर्गत शॉर्टसर्किट झाले, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी वेगाने होते, शेजारचे घट पेटतात आणि आग पसरते. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सुमारे ४१ लाख, तर अ‍ॅपलने सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सोनीने बनवलेल्या त्यांच्या घटांत धातूचे सूक्ष्म कण राहिले होते. जून २०१९ मध्ये अ‍ॅपलने २०१५ ते २०१७ या काळात विकलेल्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही बॅटऱ्या परत मागवल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांना असे लॅपटॉप विमानात न नेण्याची सूचना केली होती.

एप्रिल २०२२ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात, बंगळुरूच्या एका कंपनीसाठी घरून काम करणारी तरुण अभियंता लॅपटॉपला आग लागल्याने गंभीररीत्या भाजली. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता आणि ती पलंगावर बसून काम करीत होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. गादीवर चार्जिंग न करण्याचा सल्ला म्हणूनच गांभीर्याने घ्यायला हवा.

पुढील खुणा दिसल्यास लॅपटॉपचा वापर तत्काळ थांबवावा :

१. टचपॅड किंवा कळफलक वर उचलला जाणे, तळ फुगणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे किंवा झाकण नीट न मिटणे.
२. नेलपॉलिशसारखा किंवा जळका वास येणे, फुसफुस असा आवाज येणे.
३. बंद स्थितीत किंवा केवळ चार्जिंग चालू असताना एकच भाग असह्य गरम होणे.
४. चार्जरची वायर किंवा पिन काळवंडणे अथवा वितळणे.

अशा वेळी लॅपटॉप बंद करून मुख्य बटणावरून वीज तोडावी. धूर नसल्यास तो पडदे, कागद आणि अंथरुणापासून दूर, फरशीवर ठेवावा आणि सेवाकेंद्राशी संपर्क साधावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि ‘काही दिवस चालेल’ म्हणून वापरू नये. धूर किंवा ज्वाळा दिसल्यास लॅपटॉपला हात न लावता घरातील सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे. तापलेला लॅपटॉप थंड करण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवणे किंवा त्यावर बर्फ ठेवणे चुकीचे आहे. फ्रिजमधील गारव्यामुळे आत दव साठून शॉर्टसर्किट होऊ शकते.

चार्जर आणि नवी बॅटरी घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. मूळ चार्जरच्या व्होल्टेजशी न जुळणारा स्वस्त चार्जर वापरू नये. लॅपटॉप सतत विजेवर चालत असल्यास आणि त्यात सोय असल्यास चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी, म्हणजे बॅटरीचे आयुष्य वाढते. निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत ती दाबली जाऊन आग लागण्याचा संभव असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे जुनी बॅटरी कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच जमा करावी.